हेल्मेटला माया सोडायची नसते

नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या एका गल्लीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. बावीस वर्षं गळ्यात टेप आहे. शिवणीत माया किती सोडायची, हा आमच्या कामातला अगदी पहिला धडा. आतून अर्धा-पाऊण इंच कापड जास्तीचं ठेवायचं, म्हणजे पुढे बाई थोडी भरली तरी उसवून सैल करून देता येतं. हेल्मेटला अशी माया चालत नाही, हे मला कळलं ते श्रावणातल्या एका रविवारी, त्र्यंबक रोडवर, कपाळाला चार टाके पडल्यावर.

सायकल मी एक्केचाळिसाव्या वर्षी हातात घेतली. दिवसभर मशीनवर वाकून पाठ धरायची, म्हणून पहाटे सोमेश्वरपर्यंत जायला लागले, मग गंगापूर धरण, मग अंजनेरी. त्या वर्षी भाऊबीजेला भावाने हेल्मेट घातलं ओवाळणीत. त्याने ते ऑनलाइन मागवलेलं, ‘एल’ मापाचं. घट्ट होण्यापेक्षा मोकळं बरं, असा त्याचा सरळ विचार. मीही मागचा डायल होता तेवढा आवळला आणि नऊ महिने वापरलं. प्रत्येक खड्ड्याला ते मागे सरकायचं, मी एका हाताने पुढे ओढून घ्यायचे. पदर सावरावा तशी त्याची सवय होऊन गेली होती.

त्या रविवारी पेगलवाडीच्या अलीकडे वळणावर ओली खडी पसरलेली होती. पुढचं चाक घसरलं. वेग फार नव्हता, ताशी पंधरा-सोळा असेल. आधी खांदा टेकला, मग डोकं. हेल्मेट तोवर मागे जाऊन भांगावर बसलेलं. भुवईच्या वर कपाळ उघडंच होतं, ते रस्त्याला घासून फाटलं. डाव्या कानशिलाच्या वर मात्र हेल्मेट होतं. तिथे हेल्मेटला तडा गेला, आतला फोम चेपला, आणि माझ्या डोक्याला त्या जागी साधं टेंगूळही आलं नाही. एकाच पडण्यात झाकलेली जागा वाचली आणि उघडी जागा फाटली. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी हेल्मेट हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, “ताई, हे तुमच्या डोक्याचं नाहीये.”

घरी आल्यावर ब्लाउजचं माप घेतात तसं मी स्वतःच्या डोक्याचं माप घेतलं. साडेचोपन्न सेंटिमीटर. हेल्मेटच्या आत चिकटवलेल्या कागदावर छापलेलं होतं, ५८ ते ६२. म्हणजे सगळ्यात लहान केलं तरी साडेतीन सेंटिमीटरची, जवळजवळ दीड इंचाची माया. एवढ्या मायेचा ब्लाउज मी गिऱ्हाइकाला ट्रायललाही दिला नसता.

आत असतं ते थर्माकोल

हेल्मेट निवडायचं तर ते काय काम करतं हे आधी कळायला हवं, नाहीतर दुकानात आपण रंग आणि भोकंच बघत बसतो. वरचं चकचकीत कवच पातळ प्लॅस्टिकचं असतं. खरं काम करतो तो आतला जाड पांढरा किंवा काळा फोम. तो म्हणजे आपलं थर्माकोलच, फक्त जास्त घट्ट दाबलेलं. २०१८च्या बंदीआधी ज्यांनी घरी गणपतीचं मखर थर्माकोलचं केलंय, त्यांना त्याचे गुण माहीत आहेत. अंगठ्याने दाबलं की खळगा पडतो आणि तो पुन्हा भरून येत नाही. हेल्मेटला हाच गुण हवा असतो. डोकं आपटतं तेव्हा फोम चेपतो, आणि चेपता चेपता डोक्याला थांबायला थोडी जागा आणि थोडा वेळ देतो.

हिशोब सोपा आहे. सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवरून खाली आलेलं डोकं डांबराला टेकेपर्यंत ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या वेगात असतं. ते दोन मिलिमीटरच्या अंतरात थांबलं, तर त्याला बसणारा झटका सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या साडेसातशे पट होतो. तेच फोमने दोन सेंटिमीटर अंतर दिलं, तर पंच्याहत्तर पट. दीड मीटरला थांबायच्या अंतराने भागायचं, एवढंच गणित. हेल्मेट विकत घेताना आपण हे दोन सेंटिमीटर विकत घेत असतो, आणि ते नेमके डोकं आपटेल त्या जागी असावे लागतात. माझे ते भांगावर होते.

म्हणून ‘आरामदायक घेऊ की सुरक्षित घेऊ’ असं मला कोणी विचारलं, की मला उत्तर देता येत नाही. टोचणारं हेल्मेट माणूस चढावर काढून हँडलला अडकवतो. सैल हेल्मेट डोक्यावर असूनही जागेवर नसतं. नीट बसलेलं हेल्मेट अर्ध्या तासाने विसरायला होतं, आणि तेच वाचवतं.

माप घ्यायचं कसं

शिवणकामाची कापडी टेप घ्या. नसेल तर सुती दोरा गुंडाळा आणि मग पट्टीवर मोजा. पुढून भुवयांच्या वर एक बोट, बाजूंनी कानांच्या जरा वरून, मागून डोक्याचा उंचवटा जिथे सगळ्यात जास्त आहे तिथून. टेप मागे खाली उतरू देऊ नका. स्वतःचं माप स्वतः घेताना हमखास तसं होतं, म्हणून दुसऱ्या कोणाला तरी घ्यायला सांगा. तीनदा घ्या आणि त्यातलं मोठं माप धरा. टेपला एका बाजूला इंच असतात, हेल्मेटवर सेंटिमीटर छापलेले असतात, ती चूक करू नका. माझं माप इंचात साडेएकवीस.

माप घेताना केस सायकल चालवताना बांधता तसेच बांधा. माझी वेणी जाड आहे, तेल लावून घट्ट घातली तर माप वेगळं, धुतलेल्या मोकळ्या केसांवर वेगळं.

कंपन्यांची मापं साधारण ५१ ते ५५ लहान, ५५ ते ५९ मध्यम, ५९ ते ६३ मोठं अशी असतात, पण प्रत्येकीचं थोडं पुढेमागे होतं. एका दुकानात मी ‘मीडियम’ होते, दुसऱ्या दुकानात ‘स्मॉल’. अक्षर बघू नका, आकडा बघा. तुमचं माप दोन साइजच्या सीमेवर आलं, तर दोन्ही घालून पाहा आणि जे न टोचता घट्ट बसेल त्यातलं लहान घ्या.

दुकानदार एक वाक्य नेहमी म्हणतात, “ताई, डायल फिरवा, बसेल.” डायलबद्दल मला कळकळीने सांगायचंय. परकराची नाडी आवळली की कंबरेला परकर थांबतो, पण म्हणून तो मापाचा होत नाही, चुण्या पडून घोळ तसाच राहतो. हेल्मेटच्या डायलचं तेच आहे. तो आतली प्लॅस्टिकची पट्टी आवळतो, फोमचं पात्र आहे तेवढंच मोठं राहतं, आणि डोकं त्यात घंटेच्या लोलकासारखं हलतं. डायल शेवटच्या चिमटीएवढ्या फरकासाठी आहे. तो अर्ध्याहून जास्त फिरवल्यावर हेल्मेट थांबत असेल, तर साइज मोठी आहे.

डोक्याचा आकार

माप जुळूनही हेल्मेट टोचतं, याचं कारण आकार. छातीचं माप छत्तीस असलेल्या दोन बायकांना एकच ब्लाउज बसत नाही. एकीचा खांदा उतरता, दुसरीची पाठ रुंद. डोकीही तशीच. काही वरून पाहिली तर लांबट, अंड्यासारखी, काही जवळजवळ गोल. घरातल्या कोणाला तरी खुर्चीवर बसवा आणि वरून पाहा, लगेच समजेल.

हेल्मेट घातल्यावर कपाळाला आणि मागे दाबतंय, पण कानशिलांशी बोट सहज जातंय, तर तुमचं डोकं त्या हेल्मेटपेक्षा लांबट आहे. उलट, दोन्ही कानशिलं आवळली जातायत आणि पुढे-मागे पोकळी आहे, तर डोकं गोल आहे. अशा वेळी मोठी साइज घेऊन उपयोग होत नाही, टोचणं कमी होतं आणि हलणं वाढतं. कंपनी किंवा मॉडेल बदला. काही कंपन्या रुंद डोक्यांसाठी ‘एशियन फिट’ किंवा ‘वाइड फिट’ म्हणून वेगळी हेल्मेट काढतात, पण नावावर जाऊ नका. आपल्याकडे एकाच घरात दोन्ही प्रकारची डोकी असतात. माझं लांबट आहे, माझ्या मुलीचं गोल. आम्ही एकमेकींची हेल्मेट घालू शकत नाही.

आत चिकटवलेले मऊ पॅड बदलून एखादी जागा थोडी भरता येते. पण पॅड म्हणजे घामासाठी आणि कातडीसाठी. जाड पॅड लावून सैल हेल्मेट घट्ट करणं म्हणजे खांद्याला पॅड लावून मोठा ब्लाउज बसवण्यासारखं आहे.

दुकानात घालून बघताना

घाई करू नका. ट्रायलशिवाय कपडा नेऊ नये असं मी गिऱ्हाइकांना सांगते, इथे तर डोक्याचा प्रश्न आहे. ऑनलाइन घ्यायचंच असेल तर परत करता येईल असंच घ्या, आणि घरात बसल्या बसल्या पुढचं सगळं करून पाहिल्याशिवाय त्याची लेबलं काढू नका.

हेल्मेट सपाट ठेवून घाला, टोपीसारखं मागे कलवून नाही. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं असावी. डोळे वर केले की कड जेमतेम दिसायला हवी. मागे डायलची पट्टी डोक्याच्या उंचवट्याच्या खाली, मान सुरू होते तिथल्या खोलगट जागेत बसली पाहिजे. बऱ्याच हेल्मेटमध्ये ती पट्टी वर-खाली तीन-चार खाचांमध्ये सरकवता येते, आणि बरेच लोक वर्षानुवर्षं वापरूनही हे करून पाहत नाहीत. माझी एका खाचेने खाली उतरवल्यावर मागचं ओझं एकदम हलकं झालं.

आता बक्कल न लावता डायल बोटाच्या जोराने आवळा, खाली वाका आणि डोकं हळूच हलवा. हेल्मेट पडता कामा नये. मग दोन्ही हातांनी हेल्मेट धरून डावी-उजवीकडे फिरवायचा प्रयत्न करा. कपाळाची कातडी आणि भुवया त्याच्याबरोबर हलल्या, तर बसलंय. हेल्मेट कातडीवरून सरकलं, तर नाही बसलं. माझ्या पहिल्या हेल्मेटचं हे कोणी दोन मिनिटं करून पाहिलं असतं, तरी कळलं असतं.

त्यानंतर पट्टे. प्रत्येक कानाच्या बाजूला दोन पट्टे एकत्र येतात, तो जोड कानाच्या पाळीच्या लगेच खाली असला पाहिजे. कानावरून पट्टा जात असेल तर तिथली छोटी क्लिप उघडून सरकवा. काही स्वस्त हेल्मेटमध्ये हा जोड शिवून टाकलेला असतो; तो तुमच्या कानाखाली नीट येत असेल तरच ते घ्या. हनुवटीखाली पट्ट्यात एक बोट जावं, दोन गेली तर सैल आहे. बक्कल लावून जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडा. हेल्मेट डोक्यावर खाली ओढलं गेल्यासारखं जाणवायला हवं. मग तळहाताने पुढची कड वर आणि मागे ढकला. कपाळ उघडं पडत असेल तर पुढचे पट्टे घट्ट करा, तरीही पडत असेल तर ते हेल्मेट ठेवून द्या. या एका ढकलण्याची किंमत माझ्या डाव्या भुवईवर आहे.

हे सगळं जमलं की हेल्मेट काढू नका. पंधरा मिनिटं डोक्यावर तसंच राहू द्या, दुकानात फिरा, पंप बघा, ट्यूब बघा. मग काढून आरशात पाहा. कपाळावर सगळीकडे सारखा हलका वळ असेल तर चालतंय. एकाच जागी लाल ठिपका असेल तर नको. तो ठिपका पंधरा मिनिटं सोसतो, पण तासनतास सोसत नाही. गेल्या हिवाळ्यात मी पहिली दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, केली. तिला साडेतेरा तासांची मुदत असते आणि आपल्याकडे हेल्मेट सक्तीचं असतं. आठव्या तासाला पाय, मनगटं, मान सगळं बोलत होतं, डोकं तेवढं गप्प होतं. बरोबरच्या एका ताईंनी दर थांब्यावर हेल्मेट काढून कपाळ चोळलं. माप बरोबर होतं त्यांचं, आकार नव्हता.

केस, स्कार्फ, कानटोपी

याबद्दल हेल्मेटच्या माहितीपत्रकात काही नसतं, आणि बायकांचे निम्मे त्रास इथेच आहेत.

अंबाडा हेल्मेटखाली बसत नाही. तो मागची कड उचलतो आणि पुढची कड डोळ्यांवर आणतो. खाली, मानेशी सुरू होणारी एक वेणी सगळ्यात बरी; ती डायलच्या पट्टीच्या खालून बाहेर निघते. उंच पोनीटेल बांधत असाल तर मागे पट्टीत वेणीएवढी वाट असलेलं हेल्मेट निवडा. क्लचर, पिना, धातूचा हेअरबँड काहीही आत नको. फोम आणि कवटी यांच्यामध्ये आलेली कडक वस्तू आपटल्यावर डोक्यातच घुसते. पहाटे देवळात जाऊन पुढे सायकलवर निघणाऱ्या माझ्या मैत्रिणी गजरा माळून येतात, त्यांना मी गजरा हँडलला बांधायला लावते.

स्कूटीवर बांधतो तसा तोंडाभोवतीचा स्कार्फ सायकलवर बांधू नका. मागे पडणारी त्याची गाठ बरोबर डायलच्या जागेवर येते. धूळ आणि ऊन यांसाठी गळ्यातून ओढून घ्यायचा नळीसारखा पातळ कपडा मिळतो, त्याला गाठ नसते. तसा मी होजिअरीच्या उरलेल्या कापडातून शिवतेही. थंडीत निफाडकडे पहाटे निघायचं तर कान गारठतात, पण लोकरीची जाड कानटोपी आत घालू नका. पातळ, एकेरी कापडाची टोपी घाला आणि डायल दोन खाचा सैल करा. चष्मा लावत असाल तर दुकानात चष्म्यासकट ट्रायल घ्या. काड्या पट्ट्यांच्या बाहेरून गेल्या तर चष्मा सहज काढता येतो.

उन्हाळ्याबद्दल. नुसती भोकं मोजू नका, हेल्मेट उलटं करून आत पाहा. पुढच्या भोकातून आलेली हवा डोक्यावरून मागे जाईल अशा खोल खाचा फोममध्ये असतील तर ते एप्रिलमध्येही घालवेल. भोकं जितकी जास्त तितका फोम कमी, मग उरलेला फोम जास्त कडक करावा लागतो. म्हणून जाळीसारखं हेल्मेट सगळ्यात भारी असं समजू नका. गरम होतं म्हणून हेल्मेट नको, हे म्हणणं व्यावसायिक सायकलपटूंचंही होतं. १९९१ साली सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना सक्ती करायला गेल्यावर या सायकलपटूंनी फ्रान्समधल्या पॅरिस–नीस शर्यतीत संप केला आणि नियम मागे पडला. २००३ साली त्याच पॅरिस–नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव हेल्मेटशिवाय पडला, डोक्याला मार लागून त्याचा जीव गेला, आणि त्याच वर्षी सक्ती झाली. सुरुवातीला शेवटच्या लांब चढावर हेल्मेट काढायची मुभा होती, पुढे तीही गेली.

आतला कागद वाचा

फिटिंग जमल्यावर हेल्मेटच्या आतलं स्टिकर वाचा. ‘ईएन १०७८’ असेल तर युरोपचं मानक, ‘सीपीएससी’ असेल तर अमेरिकेचं, ‘एएस/एनझेडएस २०६३’ असेल तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं. या तिघांपैकी एकही लिहिलेलं नसेल तर ते हेल्मेट घेऊ नका, कितीही सुंदर बसलं तरी. युरोपच्या चाचणीत हेल्मेट सपाट लोखंडावर साधारण दीड मीटरवरून टाकतात, अमेरिकेच्या चाचणीत दोन मीटरवरून. काही नग आधी तापवतात, काही गोठवतात, काही भिजवतात, मग आपटतात. स्टिकरवर वजनही असतं. माझं २९० ग्रॅमचं आहे. तीनशेच्या आसपास असेल तर मानेला कळत नाही.

आपल्याकडचं आयएसआय चिन्हाचं ‘आयएस ४१५१’ हे मोटरसायकल-स्कूटरच्या हेल्मेटचं मानक आहे. ते हेल्मेट घालून सायकल चालवणारे काका मला सातपूरच्या बाजूला दिसतात. त्यांची काळजी खरी आहे, पण किलोभर वजन, बंद कान आणि चढावर कोंडलेला घाम यामुळे ते लवकरच हेल्मेट घालणं सोडून देतील अशी मला भीती वाटते. आणि उलट, सायकलचं हेल्मेट घालून स्कूटी चालवू नका. ते त्या वेगासाठी केलेलंच नाही आणि कायद्यातही बसत नाही.

‘मिप्स’ असं लिहिलेलं पिवळं चिन्ह काही हेल्मेटवर दिसतं. हे मला अस्तरामुळे लगेच समजलं. ब्लाउजच्या आत अस्तर सुटं असलं की वरचं कापड ओढलं तरी अस्तर अंगाशी राहतं. मिप्समध्ये फोमच्या आत एक पातळ गुळगुळीत थर सुटा बसवलेला असतो, तो दहा-पंधरा मिलिमीटर सरकतो. आपण सरळ खाली क्वचितच पडतो. बहुतेक वेळा तिरकं पडतो आणि डोक्याला पीळ बसतो. मेंदूला हा पीळ फार वाईट. हेल्मेट रस्त्याबरोबर फिरलं तरी डोकं थोडं मागे राहावं, म्हणून ही सोय. स्टॉकहोममधले मेंदूचे शल्यचिकित्सक हान्स फोन होल्स्ट आणि तिथल्या केटीएच विद्यापीठातले संशोधक पीटर हाल्डिन यांनी ती काढली. जवळ थोडे पैसे जास्त असतील तर जरूर घ्या. पण मिप्सचं सैल हेल्मेट आणि साधं मापाचं हेल्मेट यांत निवडायचं झालं, तर मी साधं मापाचं घेईन. अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक हे विद्यापीठ तिरक्या धक्क्यांच्या चाचण्या घेऊन हेल्मेटना पाचपैकी तारे देतं, ती यादी कोणालाही फुकट पाहता येते. महाग तेवढं चांगलं असं तिच्यात दिसत नाही. माझं आत्ताचं हेल्मेट चोवीसशे रुपयांचं आहे.

रंग उजळ घ्या. पांढरा, पिवळा, भगवा, काहीही चालेल. पहाटे साडेपाचला ट्रकवाल्याला काळं डोकं दिसत नाही. बाहेरचा आकार गुळगुळीत, गोलसर असावा. मागे शेपटीसारखी टोकं आलेली असतील तर ती रस्त्यावर अडकून मान पिरगळते.

मुलांसाठी

इथे आईबापांना माझी हात जोडून विनंती आहे. शाळेचा युनिफॉर्म आपण वाढत्या अंगाचा शिवतो, बूट एक नंबर मोठे घेतो, दोन वर्षं निघावीत म्हणून. मी स्वतः युनिफॉर्मला दोन इंच माया सोडते आणि हेम दुमडून ठेवते. हेल्मेट वाढत्या डोक्याचं घेऊ नका. आज जेवढं डोकं आहे तेवढंच घ्या, आणि लहान झालं की बदला. नणंदेच्या मुलाला मी वाढदिवसाला हेल्मेट घेतलं, तेव्हा तो आठ वर्षांचा होता, माप ५२. सासूबाई म्हणाल्या, “अगं, पुढच्या वर्षी लहान होईल ते.” झालं, तर मी पुढच्या वर्षी दुसरं घेईन, असं मी त्यांना सांगितलं. दर सुट्टीत तो आला की मी टेप काढते. बक्कल लावताना हनुवटीची कातडी चिमटीत येते, म्हणून मुलं हेल्मेटला घाबरतात. बक्कलच्या मागे कापडी पट्टी असलेलं बघा, किंवा तेवढी पट्टी शिवून घ्या. हेल्मेट घालून झोपाळा किंवा घसरगुंडी मात्र खेळू देऊ नका, पट्टा अडकून गळ्याला फास बसू शकतो.

घेतल्यावर

थर्माकोलला ऑइलपेंट लावलं की ते विरघळतं, हे मखर रंगवताना एकदा तरी सगळ्यांच्या लक्षात आलंय. म्हणून हेल्मेटला थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर, स्प्रेचा रंग, भलताच डिंक काहीही लावू नका. कोमट पाणी आणि शाम्पूचे दोन थेंब पुरतात. पॅड काढून आठवड्याला धुवा, सावलीत वाळवा. उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे हेल्मेट ठेवू नका. नाव, रक्तगट आणि घरचा फोन नंबर मार्करने फोमवर लिहू नका, चिठ्ठीवर लिहून पॅडखाली ठेवा.

एकदा जोरात आपटलं की ते हेल्मेट संपलं. वरून ठीक दिसलं तरी आत फोम चेपलेला असतो, आणि चेपलेला फोम दुसऱ्यांदा चेपत नाही. मी माझं जुनं हेल्मेट कटरने आडवं कापून पाहिलं. बाकी सगळीकडे जाडी पंचवीस मिलिमीटर, कानशिलाच्या जागी अठरा. याच कारणाने दुसऱ्याचं वापरलेलं हेल्मेट घेऊ नका, ते पडलंय का हे बाहेरून कळत नाही. न पडलेलंही पाच वर्षांच्या आसपास बदला. घाम, तेल आणि ऊन यांनी पट्टे आणि चिकटवलेले भाग जुने होतात. टाकून देताना पट्टे कात्रीने कापून टाका, म्हणजे दुसरं कोणी ते उचलून डोक्यावर घालणार नाही.

कापलेलं ते हेल्मेट दुकानात मशीनच्या वर टांगलंय. ब्लाउज टाकायला आलेल्या बायका विचारतात, मग बोलणं सुरू होतं, आणि दोघी-तिघींनी तरी त्यानंतर सायकल काढली. डोक्याचं माप मी कोणाचंही घेऊन देते, त्याचे पैसे नाहीत. येताना केस रोज बांधता तसेच बांधून या.